गावपळण, वाळीत आणि शाळेत वाचलेली कादंबरी

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव खाडीच्या काठी वसले असून रामेश्वर हे त्याचे ग्रामदैवत आहे. काही वर्षांच्या अंतराने या दैवताचा कौल घेतला जातो आणि तो मिळाला, की सारे गावकरी गुरेढोरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर पडून तीन दिवस आणि तीन रात्री झोपड्या उभारून राहतात. या प्रथेला गावपळण म्हणतात. कौल म्हणजे दैवताची अनुज्ञा जाणून घेण्याची रीत. ती निघताना पाळावी लागते तशीच परततानाही पाळावी लागते, आणि अनुज्ञा मिळाल्यावाचून कोणी वेशीच्या आत पाऊल टाकत नाही. मानकऱ्यांची घरे आणि मजुरांची घरे एकाच वेळी रिकामी होतात, गावातील मुसलमान कुटुंबेही सर्वांबरोबर बाहेर पडतात, आणि एरवी मानपानाच्या काटेकोर उतरंडीने बांधलेला समाज काही काळ एकाच आभाळाखाली स्वयंपाक करतो. या प्रथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिच्यात भुताखेतांची समजूत पाहिली, कोणी गावाच्या मातीला आणि पाण्याला दिलेली विश्रांती पाहिली. कोकणात गावाबाहेर राहावे लागण्याचा मात्र आणखी एक प्रकार होता. त्यात गाव जागच्या जागी राहत असे आणि एकच घर, गावात उभे असूनही, गावाबाहेर जात असे. त्याला वाळीत टाकणे म्हणत, आणि त्या अनुभवाची आतली बाजू मराठी वाचकांना, विशेषतः शाळकरी वाचकांना, मुख्यतः कथात्मक वाङ्मयातून कळली.

वाळीत टाकण्याचा निर्णय कधी जातीची पंचायत घेई, तर कधी गावकी, म्हणजे देवस्थान, उत्सव आणि गावाचे सामाईक व्यवहार चालवणारी मंडळी. निर्णय झाला की त्या घराशी विस्तव-पाण्याचा व्यवहार तुटे. लग्नामुंजीचे बोलावणे थांबे, न्हावी व परीट दारात येईनासे होत, उत्सवातला मान काढून घेतला जाई आणि घरात मृत्यू झाला तर तिरडीला खांदा मिळणे कठीण होई. परत यायचे तर दंड भरावा लागे किंवा प्रायश्चित्त घ्यावे लागे. ब्राह्मण आणि प्रभू जातींत अशा वादांना ग्रामण्य म्हणत. त्यांचा इतिहास इतका लांबलचक होता, की प्रबोधनकार ठाकरे यांनी 1919 साली ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ या नावाचे स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये 1890 साली चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. ज्यांच्या मागे विद्या, वृत्तपत्र आणि मित्रमंडळी होती त्यांची ही स्थिती, तर खेड्यातल्या एकट्या घराची काय झाली असेल, याची कल्पना करता येते.

कोकणातले सर्वांत परिचित उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे आहे. 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि दापोली तालुक्यातील मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या भल्यासाठी कर्व्यांनी मुरूड फंड उभा केला होता, त्याच गावात त्यांच्यासोबत बसणे निषिद्ध ठरले आणि त्यांना थारा दिल्यास घरच्यांवरही तीच वेळ येईल अशी भीती घालण्यात आली. शिक्षा एकाची, पण तिचा धाक आई, भाऊ आणि पुढे मुले यांच्यापर्यंत पोहोचवायचा, हे या प्रथेचे खरे बळ होते. आळंदीच्या संन्याशाच्या चार मुलांची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मूल लहानपणी ऐकते. तिच्यातही दोष ठरवला गेला तो बापाचा आणि भोगला तो मुलांनी. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्याला तर दंड किंवा प्रायश्चित्ताने न संपणारा, जन्माबरोबर येणारा बहिष्कार होता. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे शाळा ही गावाच्या प्रथांपासून कधीच अलिप्त नव्हती हे स्पष्ट होते.

श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी 1952 साली प्रसिद्ध झाली. दापोलीच्या परिसरातले, नारळी-पोफळींनी वेढलेले गाव तिच्या केंद्रस्थानी आहे आणि त्या गावावर खोताची सत्ता आहे. खोत म्हणजे सरकारच्या वतीने शेतसारा वसूल करणारा वतनदार, ज्याच्या हाती जमिनीबरोबर माणसेही असत. खोती नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात 1949 साली झाला, त्यामुळे ही कादंबरी वाचकांच्या हाती पडली तेव्हा तिच्यातली सत्ता कागदावर नुकतीच मावळली होती आणि माणसांच्या मनात पुरती शाबूत होती. गरिबाघरचा, उनाड ठरवलेला बापू खोताला जुमानत नाही आणि गावाने नाक मुरडलेल्या राधेचा हात धरतो, तेव्हा गाव त्याच्याविरुद्ध उभे राहते. शाळेत या कादंबरीचा परिचय करून घेणारा विद्यार्थी सहसा बापूच्या धिटाईवर लिहितो, आणि ते स्वाभाविक आहे. पण कादंबरीचे अधिक मोलाचे निरीक्षण गावातल्या उरलेल्या माणसांविषयी आहे. त्यांच्यातल्या अनेकांचे बापूशी वैर नाही. खोताची मर्जी जाईल आणि उद्या आपली पाळी येईल, एवढ्याच भीतीने ती गप्प राहतात. वाळीत टाकण्याची प्रथा काही थोड्या दुष्टांच्या जोरावर टिकली नाही, ती या भित्र्या बहुसंख्येमुळे टिकली, ही गोष्ट पेंडशांनी कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथापेक्षा स्पष्टपणे दाखवली आहे.

चिं. त्र्यं. खानोलकर हे वेंगुर्ल्याकडचे, म्हणजे आचऱ्याच्या दक्षिणेस त्याच किनारपट्टीवरचे लेखक. त्यांची ‘चानी’ ही कादंबरी 1970 साली आली आणि पुढे व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट केला. चानी ही गावातल्या स्त्रीला इंग्रज पुरुषापासून झालेली मुलगी आहे. तिचा वेगळा वर्ण आणि वेगळे केस हाच गावाच्या लेखी तिचा अपराध आहे. तिला माणसांत घेतले जात नाही, तिच्याविषयी वाटेल ते बोलले जाते, आणि तिला उघडपणे हिणवणाऱ्यांपैकीच काही जण तिच्यावर डोळा ठेवून असतात. बापूच्या अंगात बळ आहे, त्याच्यापाशी पुढे पैसाही येतो. चानीपाशी यातले काहीच नाही. म्हणूनच ‘चानी’ वाचणे अधिक जड जाते आणि म्हणूनच ती किशोरवयीन वाचकांच्या हाती पडणे अधिक आवश्यक आहे. छळ सोसणाऱ्याने पराक्रम करून दाखवावा अशी अट खानोलकर घालत नाहीत. कादंबरीतील एक लहान मुलगा चानीशी माया जोडतो, आणि मोठ्यांनी घातलेली बंदी मुलाच्या समजुतीला पटत नाही एवढ्या एकाच गोष्टीने गावाचा सगळा न्याय उघडा पडतो.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’कडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातले पालगड हेही दापोलीकडचेच गाव. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारत विहिरीवर नेते हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो; मात्र त्या माराच्या मागे, आपल्या मुलाला चारचौघांनी भित्रा म्हणून हिणवू नये ही आईची धास्ती आहे, हे वाचताना निसटून जाते. मुलांच्या चिडवण्याची दहशत इतकी मोठी, की त्यापुढे प्रेमळ आईलाही हात उगारावासा वाटावा. याच पुस्तकात मोळी उचलू न शकणाऱ्या अस्पृश्य म्हातारीला मदत करण्याचा प्रसंग आहे, आणि तो लिहिणाऱ्या गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले.

श्यामच्या आईशेजारी ठेवून वाचावी अशी दुसरी आई ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या 2003 सालच्या आत्मकथनात भेटते. ही कादंबरी नव्हे, परंतु रत्नागिरी परिसरातील शाळेचे असे चित्र कादंबरीतही दुर्मीळ आहे. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे इत्यादी वस्तू. लेखिकेची आई त्या विणून घर चालवी. शाळेत गुरुजींनी मुलीला शेण भरायला लावले आणि त्यावरून तिला मार बसला, तेव्हा या विणकाम करणाऱ्या आईने गुरुजींना जाब विचारला. श्यामची आई आपल्या मुलाला जगाच्या हिणवण्यासाठी तयार करते. ऊर्मिलाची आई हिणवणाऱ्याला थांबवते. पहिल्या आईविषयी महाराष्ट्रातल्या शाळांनी पिढ्यानपिढ्या निबंध लिहून घेतले, आणि दुसऱ्या आईविषयीही तितकेच निबंध लिहून घेतले गेले असते तर वर्गातल्या छळाकडे पाहण्याची दृष्टी निराळी घडली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

बालभारतीची स्थापना 1967 साली झाल्यानंतर कादंबरी विद्यार्थ्यांपर्यंत प्रामुख्याने पाठ्यपुस्तकातील उताऱ्याच्या रूपाने पोहोचू लागली. उतारा बेताचा असतो. तो प्रसंग देतो, पण त्या प्रसंगापर्यंत गाव कसे आले आणि त्यानंतर गावाने काय केले हे देऊ शकत नाही. एखाद्याचा छळ हा एका दिवसाचा प्रसंग नसून हळूहळू साचत जाणारी गोष्ट आहे, हे समजण्यासाठी संपूर्ण कादंबरीच वाचावी लागते. त्यामुळे आचऱ्याच्या रामेश्वर वाचन मंदिरासारख्या गावोगावच्या ग्रंथालयांनी या कामात पाठ्यपुस्तकापलीकडची जबाबदारी उचलली आहे. शाळेच्या आवारातही गावकीची एक लहान आवृत्ती चालू असते. कट्टी हा मुलांचा खेळीमेळीतला बहिष्कार दोन दिवसांत मिटतो. पण जेव्हा सगळा वर्ग मिळून एकाशी बोलणे बंद करतो, त्याच्या डब्याला, बोलीला, आडनावाला किंवा रंगाला नावे ठेवतो आणि जो कोणी त्याच्याशी बोलेल त्यालाही तसेच वागवण्याची धमकी देतो, तेव्हा मुरूड गावाने कर्व्यांच्या घरच्यांना घातलेल्या धाकाचेच सूत्र तेथे चालू असते.

कायद्याने या प्रथेला हात घालण्यास बराच काळ घेतला. मुंबई राज्याने 1949 साली बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळीत टाकलेली कुटुंबे पोलिसांच्या आणि तहसीलदारांच्या दारी फिरत राहिली. अखेरीस महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 साली सामाजिक बहिष्कार विरोधी विधेयक मंजूर केले आणि 2017 च्या जुलैमध्ये त्याचा कायदा झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बहिष्काराच्या ज्या कृती या कायद्याने नोंदवल्या, त्यांत लग्न व अंत्यविधी अडवणे, मंदिर, स्मशान, शाळा किंवा दवाखान्याची वाट बंद करणे यांच्याबरोबर मुलांच्या खेळण्याला आडकाठी करणे हीदेखील एक कृती आहे.