भोर-वेल्हे परिसरातील माध्यमिक परीक्षापद्धतीची स्थित्यंतरे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शालान्त परीक्षा ही विद्यार्थ्याच्या जीवनातील निर्णायक घटना मानली जाते. परंतु ती परीक्षा कोण ठरवितो आणि तिच्यात बदल झाल्यास त्याची झळ कोणास पोहोचते, या प्रश्नांचा विचार क्वचितच एकत्रितपणे केला जातो. अलीकडे आंतरराष्ट्रीय मंडळांचे बदलते अभ्यासक्रम व मूल्यमापन यांविषयी चर्चा होत असते. तथापि दूरवर ठरलेल्या परीक्षेशी जुळवून घेण्याचा अनुभव पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांना नवीन नाही. प्रस्तुत लेखात या अनुभवाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे. वेल्हे तालुक्याचे ‘राजगड’ असे नामांतर करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला असला, तरी विवेचनाच्या सोयीसाठी येथे रूढ नावच वापरले आहे.

१. संस्थानकाळ व मॅट्रिक्युलेशन :
१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर करण्यात आली. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीस बसलेल्या १३२ उमेदवारांपैकी केवळ २२ उत्तीर्ण झाले. आजच्या भोर-वेल्हे परिसराचा मोठा भाग त्या काळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत होता. १९०१ च्या जनगणनेनुसार सुमारे ९२५ चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या १,३७,२६८ होती.

कायद्याच्या दृष्टीने भोर हे ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. तरीही येथील विद्यार्थ्यास महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असल्यास मॅट्रिक्युलेशनशिवाय गत्यंतर नव्हते. म्हणजेच ही परीक्षा भोरच्या दृष्टीने दुहेरी अर्थाने परकी होती. तिचा आराखडा लंडनचा आणि तिचे नियमन मुंबईचे. राजाकडे शाळा चालविण्याचा अधिकार होता. शाळेच्या अखेरीस काय विचारले जावे, हे ठरविण्याचा नव्हता. आजच्या परिभाषेत ज्यास आंतरराष्ट्रीय शालेय पात्रता म्हटले जाते, तिच्याशी या व्यवस्थेचे साम्य लक्षणीय आहे.

२. विलीनीकरण व एस.एस.सी. परीक्षा :
८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी माध्यमिक शालान्त परीक्षेचा कायदा संमत झाला आणि १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा घेण्यात आली. मॅट्रिक्युलेशन ही मूलतः विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, तर एस.एस.सी. ही माध्यमिक शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र होती. हा फरक केवळ नावाचा नव्हता. महाविद्यालयात न जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासही त्यामुळे स्वतंत्र मूल्य प्राप्त झाले. शेती सांभाळणाऱ्या अथवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जाणाऱ्या मावळातील तरुणाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. मात्र या परिसरातील शाळांना राज्यसत्ता आणि परीक्षा या दोहोंतील बदल अवघ्या वर्षभराच्या अंतराने पचवावे लागले.

३. दहा अधिक दोन अधिक तीन :
कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा वर्षांच्या सामान्य शिक्षणाची व त्यात गणित-विज्ञान सर्वांना अनिवार्य करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५ मध्ये जुन्या अकरावीची अखेरची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेस बसली. शहरातील मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक उपलब्ध असतात. डोंगरी भागातील छोट्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन विषय असणे स्वाभाविक असते. त्यामुळे अभ्यासक्रमात बदल झाल्यास तेथील शिक्षकास एकाच वेळी अनेक विषयांची नव्याने तयारी करावी लागते. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांमुळे आणि धरणांच्या फुगवट्यामुळे खंडित होणारे दळणवळण ही त्यात भर असते. बदलाचा आदेश सर्वांस समान असला, तरी त्याचा भार समान नसतो.

४. अलीकडील प्रयोग :
जिल्हा परिषद शाळांना जागतिक दर्जा प्राप्त व्हावा, या हेतूने २०१७ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन करण्याचा निर्णय झाला. २०१८-१९ मध्ये पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडीसह १३ शाळांपासून या उपक्रमास प्रारंभ झाला. मराठी शाळेस आंतरराष्ट्रीय दर्जाचे दार खुले करण्याची ही कल्पना निश्चितच स्तुत्य होती. तथापि राज्यात सत्तांतर झाल्यानंतर २०२० मध्ये हे मंडळ बंद करण्याचा निर्णय झाला आणि संलग्न शाळांना पुन्हा राज्याच्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे लागले.

याच काळात राज्य मंडळाच्या दहावी परीक्षेतही चढउतार झाले. २०१९ च्या परीक्षेत नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील २० अंतर्गत गुण रद्द झाले. निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी अंतर्गत गुण पुनश्च सुरू झाले व निकाल ९५.३० टक्के लागला. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. तरीही तीन वर्षांतील ही तफावत विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेतील चढउताराने स्पष्ट होत नाही. ती मोजमापाची पट्टी बदलल्याचे द्योतक आहे.

५. तुलना :
शेजारच्या मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये आयबी डिप्लोमा शिकविला जातो. आयबीच्या विषयांचा आढावा ठरावीक वर्षांच्या आवर्तनाने घेतला जातो, तर केंब्रिजचे अभ्यासक्रम कोणत्या वर्षांच्या परीक्षांना लागू राहतील, हे आधीच जाहीर केले जाते. तेथेही बदल होतातच. परंतु शिक्षकास तयारीसाठी अवधी मिळतो.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, भोर-वेल्हे परिसराने परीक्षेतील बदलांना विरोध करण्याऐवजी त्यांच्याशी जुळवून घेण्याचा मार्ग पत्करला. १९४९ व १९७५ मधील बदल मोठे होते, पण ते टिकले. त्यामुळे शाळांचे श्रम सार्थकी लागले. २०१७ नंतरचे काही बदल रुजण्यापूर्वीच मागे घेतले गेले. २०२५-२६ पासून राज्यात पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणण्यात येत असताना हा धडा उपयुक्त ठरावा. आंतरराष्ट्रीय मंडळांकडून ‘आंतरराष्ट्रीय’ हे नाव घेण्यापेक्षा बदलाचे पूर्वनियोजित वेळापत्रक घेणे अधिक हिताचे आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या शाळेतील शिक्षकास पुरेसा अवधी मिळाला, तरच कोणतीही नवी परीक्षा तेथील विद्यार्थ्यास न्याय देऊ शकेल.