अंधेरीहून आलेला ताप : डेंग्यूची कोणती तपासणी कोणत्या दिवशी?

गणपतीला अंधेरीहून गावी आलेल्या चाकरमान्याला ताप भरला की घरचे आधी मेडिकलमधून गोळ्या आणतात. तपासणीचा विचार दोन-तीन दिवसांनी होतो. पण डेंग्यूमध्ये ताप नेमका कधी सुरू झाला यावरच कोणती तपासणी करायची ते ठरतं. दिवस चुकला तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

मरोळ, साकीनाका यांसारख्या दाट वस्तीत पिंपं, कुंड्या, टायर यांत साचलेल्या पाण्यात एडिस डास वाढतो. तो दिवसा चावतो. चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो, म्हणजे डास अंधेरीत चावला तरी ताप गावात भरू शकतो. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी आधी सांगा : ताप कोणत्या दिवशी आला आणि त्याआधीचे दोन आठवडे माणूस कुठे होता.

तापाच्या पहिल्या ५ दिवसांत विषाणूचा अंश रक्तात सापडतो. त्यासाठी एनएस-१ तपासणी. पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही प्रतिपिंडाची तपासणी करतात. दुसऱ्याच दिवशी आयजीएम काढून ‘डेंग्यू नाही’ म्हणत निर्धास्त राहणं चुकीचं. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसात एनएस-१ सुद्धा हुकू शकते. झटपट पट्टीपेक्षा एलायझा पद्धत जास्त भरवशाची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार झालेले आयजीएम किट ठरावीक सरकारी प्रयोगशाळांना मिळतात आणि तिथे ही तपासणी मोफत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं की नमुना कुठे पाठवतात ते कळतं.

प्रत्येक ताप डेंग्यूचा नसतो. एकदम चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ असेल तर डेंग्यूचा संशय. सांधे सुजून चालणं अवघड झालं तर चिकुनगुनिया. हुडहुडी भरून ताप येत असेल तर मलेरियासाठी रक्ताची काच, तीही थांबून न राहता. आणि अंधेरी सबवे तुंबल्यावर त्या पाण्यातून चालत गेलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील, तर लेप्टोचा विचार हवा. तो विषाणू नव्हे, जिवाणू. त्यावर प्रतिजैविक आहे आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर ते सुरू करतात. त्यामुळे पाण्यातून गेलो होतो हे सांगायला विसरू नका.

खरी फसगत ताप उतरल्यावर होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी होतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि नेमकी तेव्हाच प्रकृती ढासळू शकते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. सगळे प्लेटलेटच्या आकड्यावर डोळा ठेवून बसतात, पण रक्त किती घट्ट झालंय हेही डॉक्टर त्याच सीबीसीत बघतात. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून राहू नका. अंधेरीत ज्यांचा स्टुडिओ आहे ते चित्रपट निर्माते यश चोप्रा यांचं २१ ऑक्टोबर २०१२ रोजी डेंग्यूच्या आजारपणातच मुंबईत निधन झालं.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढी. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. मुंबईत काढलेला रिपोर्ट मोबाइलवर असेल तर तो दाखवा आणि रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं तेही सांगा.