एका भुरक्याचा इतिहास

पानावर बसून भुरका मारण्याची आपल्याकडे रीतच आहे. ताक-भाताचा, आमटीचा, कढीचा भुरका. पण अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षातच आपण हे विसरायला शिकतो. ऑफिसच्या पार्टीत सूप पिताना आवाज झाला की आजूबाजूच्या चार माना वळतात, आणि मग पुढची वीस वर्षं माणूस तोंड मिटून जेवतो. म्हणूनच असेल कदाचित, सॅन होजेच्या जपानटाऊनमधल्या एका छोट्याशा रामेनच्या हॉटेलात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. चौदा-पंधरा खुर्च्या, काचेवर वाफ आणि सगळीकडून 'सुर्र सुर्र' असा आवाज! जपानी लोक शेवया आवाज करूनच खातात. गरम रस्सा तोंडात जाता जाता निवतो आणि वासही नाकाला नीट लागतो.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तिला तिथे घेऊन गेलो. आई नगर जिल्ह्यातली, वय सत्तरीच्या पुढे. डुकराचं ती खात नाही, म्हणून कोंबडीच्या रश्श्याचं रामेन मागवलं. बाऊल समोर आल्यावर तिने शेवया चमच्याने वर उचलून बघितल्या आणि म्हणाली, "अगं, या तर आपल्या हातावरच्या शेवया!" तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गावी उन्हाळ्यात बायका पाट मांडून बसायच्या, मऊ मळलेली कणीक दोन्ही हातांनी ओढून ओढून तिचे तार काढायच्या आणि ते काठीवर वाळत टाकायच्या. 'रामेन' हा शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते चिनी 'ला-मियन'वरून आला, आणि त्याचा अर्थच मुळी 'ओढलेल्या शेवया'!

होय, हा पदार्थ मुळात चिनी. आजचं रामेनही पट्टी कापून करतात, ओढून नव्हे, पण जपानी सोबा-उडोनपेक्षा ते वेगळं पडतं ते त्यातल्या खारामुळे. पिठात 'कान्सुइ' नावाचं क्षारयुक्त पाणी घालतात. आपल्या पापडखाराचाच हा भाऊ. त्याने पीठ चिवट होतं, शेवई रश्श्यात लगेच विरघळत नाही आणि तिला पिवळसर रंगही येतो. अंडं घातलंय असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो रंग खाराचाच असतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, त्याच जातीची ही गंमत.

१८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि तिथे चिनी वस्ती उभी राहिली. तिच्यातल्या खाणावळींतून या शेवया जपानी लोकांना ठाऊक झाल्या. १९१० साली ओझाकी कान'इची या गृहस्थाने तोक्योच्या असाकुसा भागात 'राइराइकेन' नावाचं हॉटेल काढलं. हा पूर्वी योकोहामाच्या कस्टममध्ये नोकरीला होता. त्याने तिथूनच चिनी आचारी आणले, आणि सोया सॉसच्या रश्श्यातल्या शेवया स्वस्तात विकायला सुरुवात केली. असाकुसा म्हणजे नाटकं, सिनेमे, जत्रा यांची वस्ती. कामगार, विद्यार्थी, नाटक सुटल्यावर भूक लागलेली माणसं. हॉटेल तुफान चाललं. पुढे रात्रीच्या हातगाड्या आल्या. गाडीवाला 'चारुमेरा' नावाचं वाद्य वाजवत फिरायचा. हे वाद्य सनईच्या जातीचं आणि त्याचं नाव पोर्तुगीजांकडून आलेलं! चिनी शेवया, जपानी सॉस, पोर्तुगीज नावाची पिपाणी. अस्सल देशी म्हणतात ते हेच बहुधा.

त्या काळी मात्र याला रामेन म्हणत नसत. नाव होतं 'शिना सोबा'. शिना म्हणजे चीन. पण जपानने चीनवर लादलेल्या युद्धात या शब्दाला तुच्छतेचा वास चिकटला. चिनी माणसाला हिणवायचं आणि त्याच्या शेवया मात्र मिटक्या मारत खायच्या! (आमच्या ऑफिसात करीच्या वासाला नाक मुरडणारे शुक्रवारी 'इंडियन बफे'ला सगळ्यात पुढे असतात, त्याची आठवण होते.) युद्धानंतर तो शब्द मागे पडला आणि 'चूका सोबा' हे नाव आलं.

पण या पदार्थाची खरी गोष्ट सुरू होते ती १९४५ नंतर. जपान हरला होता. त्या वर्षी भाताचं पीक कित्येक वर्षांत आलं नव्हतं इतकं वाईट आलं. कोरिया आणि तैवान हातचे गेल्यामुळे तिथून येणारा तांदूळ थांबला, आणि बाहेरचे सैनिक आणि वसाहतींत राहणारे मिळून सुमारे ६० लाख लोक मायदेशी परतले. रेशन होतं, पण ते अपुरं आणि तेही वेळेवर नाही. १९ मे १९४६ ला तर लोकांनी सम्राटाच्या राजवाड्यासमोरच अन्नासाठी मोर्चा नेला. सगळा देश काळ्या बाजारावर जगत होता. यामागुची योशितादा नावाचा तोक्योतला एक तरुण न्यायाधीश काळ्या बाजाराचे खटले चालवायचा. दुसऱ्याला ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा द्यायची तो आपण करायचा नाही म्हणून त्याने फक्त रेशनवर राहायचं ठरवलं, आणि त्यातलंही बरंचसं पोरांना दिलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये तो उपासमारीने गेला. वय अवघं ३३.

अशा वेळी अमेरिकेतून गहू येऊ लागला. त्यातलं पीठ कुठून कुठून काळ्या बाजारात पोचायचं आणि हातगाड्यांवर त्याच्या शेवया व्हायच्या. रस्त्यावर खाणं विकायला बंदी होती, पोलीस धरून न्यायचे, तरी गाड्या लागायच्याच. हाडांचा रस्सा, वर चरबीचा तवंग, पोटाला आधार. कित्येक गाडीवाले चीन-मांचुरियातून परतलेले होते. तिकडे शिकलेलं शेवयांचं काम इथे पोटाला उपयोगी आलं. १९५० च्या सुमारास पिठावरची नियंत्रणं उठली आणि गाड्यांची दुकानं झाली.

पुढे १९५४ साली अमेरिकेने पी. एल. ४८० कायदा केला. हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगलं माहीत आहे. जपानमध्ये अमेरिकन पैशावर 'किचन कार' नावाच्या बसगाड्या गावोगाव फिरून बायकांना गव्हाचे पदार्थ शिकवत होत्या. आपला देशही १९५६ पासून त्याच कायद्याखाली गहू घेऊ लागला. दान होतं, आणि शिल्लक मालाला गिऱ्हाईक तयार करणंही होतं, दोन्ही खरं.

आता मोमोफुकू आंदो. हा जन्माने तैवानी, १९१० चा, मूळ नाव गो पेक-होक. तैवान तेव्हा जपानी वसाहत होतं. माणूस धडपड्या आणि वादग्रस्तही; कर चुकवल्याच्या आरोपावरून तुरुंगात जाऊन आला होता, पुढे एक पतपेढी बुडाली आणि हाताशी फक्त राहतं घर उरलं. वय सत्तेचाळीस! ओसाकाजवळच्या इकेदा गावी परसातल्या खोपटात त्याने शेवया वाळवायचे प्रयोग मांडले. बायकोला तेम्पुरा तळताना बघून त्याला सुचलं की तळल्यावर पाणी उडून जातं आणि जी बारीक छिद्रं राहतात त्यांतून गरम पाणी पुन्हा आत शिरेल. २५ ऑगस्ट १९५८ ला 'चिकन रामेन' बाजारात आलं. किंमत ३५ येन. तेव्हा ताजा उडोन ६ येनला मिळायचा, म्हणजे ही चैनीचीच वस्तू! 'रामेन' हे नाव घरोघर पोचलं ते या पाकिटामुळे. १९७१ साली त्याने कपातलं नूडल काढलं. अमेरिकेत काही लोक त्याच्या शेवया मोडून कॉफीच्या कपात टाकून काट्याने खाताना त्याने पाहिले होते, तिथून ती कल्पना. आपल्या पिढीने १९८० च्या दशकात जी दोन मिनिटांची मॅगी खाल्ली तिचं गोत्रही हेच. आंदो २००७ साली ९६ वर्षांचा होऊन गेला.

दुकानांतलं रामेन तोवर गावोगावचं झालं होतं. साप्पोरोचं मिसोवालं, क्यूशूचं डुकराच्या हाडांचं पांढरं, तोक्योचं सोया सॉसचं. कोल्हापूरची मिसळ खरी की पुण्याची, यावर आपल्याकडे जशी भांडणं होतात तशी तिथेही होतात. १९९४ साली योकोहामात रामेनचं संग्रहालयही निघालं.

हे सगळं मी आईला सांगत होते. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे हे भुकेचं खाणं होतं?"

मग ती बहात्तरच्या दुष्काळाचं बोलायला लागली. नुकतंच लग्न झालेलं, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो यायची. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि गिळताना घशात टोचायची. "तिकडं जनावराला घालत्यात म्हणायचे लोक. आमी खाल्ली. न खाऊन काय करता?" माझी लेक चॉपस्टिक्स खाली ठेवून ऐकत होती. आजीने खडी फोडलेली आहे, हे तिला तोवर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मिलोच्या भाकरीचं मलाही माहीत नव्हतं. आई आजवर कधी बोललीच नव्हती.

"मिलोचं असं हॉटेल कुणी काढलं नाही," आई म्हणाली. मग तिने मेनूवरची किंमत विचारली. अठरा डॉलर. मी रुपयांत सांगितलं नाही, पण तिने हिशोब केलाच.

लेकीच्या बाऊलमध्ये बरंच उरलं होतं. बांधून देता का म्हणून विचारलं, तर वाढणाऱ्या मुलीने नम्रपणे मान हलवली. रामेन बांधून देत नाही, शेवया फुगून लगदा होतो.

"मग टाकणार?" आईने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने नातीचा बाऊल पुढे ओढला, दोन्ही हातांनी उचलला आणि असा भुरका मारला की काउंटरमागच्या आचाऱ्याने वर बघितलं आणि हसून मान लववली.