महागाई, रोजगार आणि खावटी : कुलाबा जिल्ह्यातील तीन शब्द व सरकारी उत्तरे

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांचे वडील रोह्यास वकिली करीत असत. १९४३ पासून १९४९ पर्यंत देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. १९५० पासून ते देशाचे अर्थमंत्री होते. म्हणजे महागाई, बेकारी आणि घरखर्च यांविषयी पेण-रोह्याकडील घरांतून जे प्रश्न उठत, त्यांची उत्तरे देण्याचे काम त्याच जिल्ह्याच्या प्रतिनिधीकडे आले होते. हा योग ध्यानात घेऊन, प्रश्न व उत्तरे ज्या शब्दांत व्यक्त झाली त्या शब्दांच्या वाटेने या विषयाचा थोडा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : घरातील शब्द सरकारी उत्तरात शिरला म्हणजे त्याचा अर्थसंकोच होतो. या संकोचाने शब्दाला नियमाचे बळ येते, हे खरे. परंतु पूर्वी ज्यांचा त्या शब्दात समावेश होता अशी काही माणसे त्याच्या बाहेर पडतात.

प्रथम 'महागाई' हा शब्द घेऊ. 'महाग' हे संस्कृत 'महार्घ', प्राकृत 'महग्घ' या क्रमाने मराठीत आले. 'अर्घ' म्हणजे मोल. महागाई ही घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलेली स्थिती होय. 'चलनवाढ' ही तीच स्थिती तिजोरीच्या बाजूने पाहिलेली. हे दोन शब्द समानार्थी मानण्याचा प्रघात असला, तरी त्यांतील दृष्टिभेद विसरता येत नाही.

महागाई मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न मुंबईत १९२१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कामगार कचेरीने केला. जुलै १९१४ चे भाव शंभर धरून तिने कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढला. तिने केलेल्या कौटुंबिक जमाखर्चाच्या पाहणीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या तुरुंगातील कैद्याला नियमाने जेवढे अन्न मिळे, तेवढेही गिरणी कामगाराच्या वाट्यास येत नाही, असे त्यात आढळून आले. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप केला. 'महागाई' या शब्दास 'भत्ता' जोडला गेला आणि तक्रारीचे रूपांतर मागणीत झाले. ही प्राप्ती लहान नव्हे.

पण ती कोणाची, हेही पाहिले पाहिजे. कुलाबा जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दोन ठिकाणी नांदत होती : कर्ता पुरुष मुंबईच्या चाळीत, बाकीची माणसे गावी. चाळीतील माणसास भत्ता होता. पेणच्या मिठागरावर राबणारा मजूर, मूर्तिशाळेत गणपती घडविणारा कारागीर, रोह्याच्या शेतावर लावणीस जाणारी बाई यांना तो नव्हता. भत्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलाच तर मनिऑर्डरीच्या रूपाने पोहोचे. निर्देशांक चाळीतील टोपलीचा होता. गावातील चुलीची त्यात गणती नव्हती.

कोरियातील युद्धामुळे १९५० नंतर भाव भडकले, तेव्हा देशमुखांच्या कारकीर्दीत मिळालेले एक उत्तर चलनाच्या भाषेतील होते : नोव्हेंबर १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपला दर तीन टक्क्यांवरून साडेतीन टक्के केला. १९५२ च्या आरंभी भाव उतरले. तथापि भात विकणारा शेतकरी आणि तांदूळ विकत घेणारा मजूर हे एकाच गावात राहतात. भाव उतरल्याने एकाचे घर सावरते, तर दुसऱ्याचे हप्ते थकतात. 'महागाई कमी झाली' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ती कोणासाठी कमी झाली, हे त्यातून कळत नाही.

त्याच काळातील दुसरे उत्तर मात्र निराळ्या जातीचे होते. १९५० मध्ये अर्थमंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि घरोघर जाऊन कुटुंबाच्या खर्चाची विचारपूस होऊ लागली. येथे सरकार स्वतःच प्रश्नकर्ते झाले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ ज्याचे सदस्य होते त्या समितीने तिचा अहवाल १९५४ मध्ये दिला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सरकारकडून आलेला भाग सुमारे तीन टक्के व सहकारी संस्थांकडून आलेलाही तेवढाच, असे त्यात दिसून आले. सावकारांचा वाटा दोनतृतीयांशाहून अधिक होता.

या आकड्यांच्या पाठीमागे उभा असलेला कोकणातील शब्द म्हणजे 'खावटी'. पावसाळ्यात घरातील भात संपले की खाण्यापुरते धान्य खोताकडून वा सावकाराकडून आणावयाचे आणि सुगीस वाढीदिढीने फेडावयाचे, हा तो व्यवहार. सहकारी पतपुरवठा पिकासाठी होता. पोटासाठी घेतलेले कर्ज 'अनुत्पादक' ठरे. वास्तविक लावणीच्या दिवसांत उपाशी माणसाकडून पीक निघत नाही. १९७८ पासून महाराष्ट्र शासनाने आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना चालविली, तेव्हा हा शब्द सन्मानाने शासकीय कागदावर आला. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर 'कर्ज' जाऊन 'अनुदान' आले : कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूप, तेही एका वर्षापुरते. पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी कुटुंबांच्या दृष्टीने हा फरक मोलाचा होता. मात्र खावटी दर पावसाळ्यात लागते. एका वर्षाचा निर्णय तिला एका वर्षापुरताच पुरा पडतो.

आता 'रोजगार'. फारसीत या शब्दाचा अर्थ काळ, जमाना असा आहे. त्यातील 'रोज' म्हणजे दिवस. मराठीत तो उपजीविकेचा वाचक झाला. १९५३ मध्ये बेकारी वाढू लागली, तेव्हा पहिल्या योजनेचा खर्च २,०६९ कोटींवरून पुढे २,३७८ कोटींपर्यंत नेण्यात आला. हे उत्तर रकमेचे होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात राबविली गेलेली रोजगार हमी योजना, जिचा कायदा १९७७ मध्ये झाला व १९७९ मध्ये अमलात आला, हिचे उत्तर वेगळे होते. 'मागेल त्याला काम' या वाक्यात मागणाऱ्याला प्रथमस्थान आहे. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला. म्हणजे शहरातील पगारदार गावातील मजुरीचा भार उचलू लागला. जुन्या मनिऑर्डरीलाच जणू कायद्याचे रूप आले. तरीही 'काम' याचा अर्थ अंगमेहनतीचे अकुशल काम एवढाच राहिला. मूर्तिकाराचे कसब त्यात बसत नाही. पावसाळा सरताच उचल घेऊन कोळसाभट्टीवर वा वीटभट्टीवर दूर निघून जाणारा कातकरी काम मागावयास गावी नसतोच. त्याची मागणी नोंदली जात नाही, आणि न नोंदलेली मागणी उत्तरात दिसत नाही.

जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या घटनेकडे आपण भाषिक अस्मितेचा प्रसंग म्हणून पाहतो व ते योग्यच आहे. परंतु पेण-रोह्याच्या घरांपुरते पाहता मुंबई कोणाची, हा जमाखर्चाचाही प्रश्न होता. कारण त्या घरांचा अर्धा संसार मुंबईत होता. कोणत्याही सरकारी उत्तराचे वाचन करताना अभ्यासकाने त्यातील आकडे पडताळावेतच. पण त्याआधी त्यातील शब्द घरात कोणत्या अर्थाने वापरला जात होता, आणि उत्तरात येताना त्यातून कोण गळले, एवढे तपासावे. पेण-रोह्यापुरते हे काम अद्याप बरेच शिल्लक आहे. जुन्या पिढीच्या तोंडी हे शब्द जिवंत आहेत तोवर ते हाती घेतलेले बरे.