ब्रिंगीचा भुसा

मार्च उजाडला की आमच्या जुन्या कर्नल साहेबांचा पुण्याहून फोन येतो. तब्येत, मुलं, पेन्शन एवढं झालं की मूळ प्रश्न येतो, "सुभेदार साहेब, ब्रिंगीला पाणी कसं आहे? एप्रिलात जाऊ की सप्टेंबरात?" साहेबांना ट्राउट पकडायचा जुना नाद आहे. मी तिथून केव्हाच निघालो, पण कोकरनागच्या एका दुकानदाराशी अजून बोलणं होतं, म्हणून विचारणा माझ्याकडं. पूर्वी उत्तर एका वाक्यात संपायचं. आता संपत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

ब्रिंगी दक्षिण काश्मीरमधली, अनंतनाग जिल्ह्यातली छोटी नदी. कोकरनागकडून येते आणि खाली झेलमला मिळणाऱ्या पाण्यात जाते. तिच्या कडेच्या रस्त्यावर आमची आरओपी असायची. पहाटे रस्ता तपासायचा आणि शेवटची गाडी जाईपर्यंत जागेवर उभं राहायचं. नजर रस्त्यावर आणि झाडीवर, पण कानात दिवसभर पाणी. त्या उभं राहण्यात मी नदी शिकलो.

परमिट घेऊन आलेला एखादा शौकीन कधीमधी पाण्यात उतरलेला दिसायचा. गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. बारीक आकड्याला दोऱ्यानं पिसं बांधून केलेली खोटी माशी, तीच फ्लाय. आमच्या प्लाटूनमधला मालवणकडचा एक पोरगा ते बघून हसायचा, "पिसाक मासो लागता काय?" लागतो. ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून दगडाच्या आडोशाला थांबतो आणि वाहत येणारा किडा टिपतो. माशी त्या किड्यासारखीच, ओढ न लागता वाहत आली पाहिजे. शिवाय ती त्याला दिसली पाहिजे, म्हणजे पाणी नितळ हवं. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी गढूळ आणि जोरात होते, तेव्हा चांगल्या चांगल्यांचे हात रिकामे राहतात. म्हणून जाणकार एप्रिलची सुरुवात नाहीतर सप्टेंबर धरतात. मालवणच्या त्या पोरानं हे ऐकून घेतलं आणि म्हणाला की पाग टाकला असता तर एवढा विचार करावा लागला नसता.

हा मासा काश्मीरचा नाही. तिथले मूळचे मासे चिर्रू वगैरे. माशाला काश्मिरी माणूस 'गाड' म्हणतो. ट्राउट आला तो महाराजा प्रतापसिंहांच्या काळात. इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डनं १८९९ मध्ये ट्राउटची अंडी भेट म्हणून पाठवली. त्या वेळी श्रीनगरचा नेहमीचा रस्ता रावळपिंडीवरून होता. आधी बोट, मग रेल्वे, मग बारामुल्लावरून डोंगरातली सडक. अंडी वाटेतल्या उकाड्यातच गेली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न झाला आणि डिसेंबर १९०० मध्ये स्कॉटलंडहून निघालेली खेप जिवंत पोहोचली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल नावाचा गृहस्थ होता, त्यानं हरवनला ती वाढवली. तिथून पिल्लं काश्मीरच्या नद्यांत सोडली गेली आणि १९०९ मध्ये कुलूलाही बीज गेलं. १९८४ मध्ये युरोपीय मदतीनं कोकरनागला मोठं ट्राउट केंद्र उभं राहिलं.

पहिली खेप का मेली आणि दुसरी का जगली, हे मी साहेबांना नेहमी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. ट्राउटला थंड आणि हवा मिसळलेलं पाणी लागतं. वीस अंशांच्या वर पाणी गेलं की तो खाणं सोडतो आणि आणखी तापलं तर मरतो. काश्मीरमध्ये तो रुजला, कारण वर साठलेला बर्फ उन्हाळाभर थोडाथोडा सुटत राहायचा आणि खाली झरे बारमाही वाहायचे.

या झऱ्यांची मात्र एक भानगड आहे. ब्रिंगीच्या वाटेवर वनदेवलगाम नावाचं गाव आहे. तिथली जमीन चुनखडकाची. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर पाण्याला सहसा दाद देत नाही, पण चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो. आत फटी होतात, फटींची भुयारं होतात. डोंगराच्या पलीकडं अच्छाबलला मुघलांची बाग आहे. तिथला झरा झरा वाटतच नाही, नदीच फुटून बाहेर आल्यासारखा. १६६० च्या दशकात औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर आलेल्या फ्रेंच बर्नियेनंही त्या पाण्याचं कौतुक लिहून ठेवलं. (त्यानं काश्मीरच्या दुसऱ्या एका शाही बागेतल्या माशांच्या नाकात सोन्याच्या नथी पाहिल्याचंही लिहिलंय. परमिट नसताना पकडणाऱ्याची काय गत होत असेल!)

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत एक हकीकत येते. देवलगामला ब्रिंगीचं पाणी जिथं जमिनीत गडप होतं, तिथं म्हणे कुणीतरी भुसा टाकला आणि तो अच्छाबलच्या झऱ्यातून बाहेर आला. फौजी माणसाला ही हकीकत पटते. वाट कुठं निघते हे बघायला आपणही आधी काहीतरी पुढं पाठवतोच. पुढं शास्त्रज्ञांनीही या दोन पाण्यांचा संबंध जोडून दाखवला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच वनदेवलगामला नदीच्या पात्रात मोठा खड्डा पडला आणि वाहती ब्रिंगी त्यात उतरली. खाली पात्र कोरडं. दुकानदारानं फोनवर सांगितलं की पोरं दगडांमधून तडफडणारे ट्राउट वेचत होती. प्रशासनानं खड्ड्याला वळसा घालून पाणी पुढं काढलं. मला वाटलं, झालं, निदान अच्छाबलला तरी पाण्याची कमतरता राहणार नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अच्छाबलचा झराच आटला. हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस फार कमी झाला होता. झऱ्याच्या पाण्यावर पिण्याच्या योजना आहेत, ट्राउटची पैदास आहे. महिनाअखेरीस बर्फ-पाऊस झाला आणि ओढ्यांना पुन्हा पाणी आलं. पण ज्या झऱ्याबद्दल पूर्वी शंकासुद्धा कुणी घेत नव्हतं, त्याचा तळ लोकांनी उघडा पाहिला. नुसता खड्डा असता तर नदीनं सोसलं असतं. पाणी भरपूर असताना वनदेवलगामला वाटा द्यायला तिची कधी ना नव्हती. आता वरून येणारंच कमी झालंय.

गळ टाकणाऱ्याला हे लवकर कळत नाही, उलटंच वाटतं. बर्फ कमी पडला की एप्रिलचं पाणी पूर्वीपेक्षा नितळ आणि उतरलेलं असतं, मासा दिसतो, माशी छान वाहते. माणूस खूश होऊन परततो. त्याची किंमत जुलै-ऑगस्टमध्ये मोजली जाते, पाणी उथळ होऊन तापतं तेव्हा, आणि तेव्हा साहेब पुण्यात असतात.

यंदाही फोन आला. मी म्हटलं, साहेब, पाण्याचं नंतर सांगतो, आधी वर सिंथनकडं बर्फ किती पडला ते विचारून घेतो. दुसरं, वनदेवलगामवरून जाल तेव्हा गाडी थांबवून पात्र बघा. आणि अंगावर ऊन चढून पाणी हाताला गार लागेनासं झालं, तर त्या दिवशी काठी मिटवा, मग परमिट कितीही माशांचं असो. दमलेला ट्राउट कोमट पाण्यात परत सोडला तरी वाचत नाही.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तो मालवणचा पोरगा कुठं असतो आता?" मी म्हटलं, पेन्शन घेऊन गावी आहे, होडी घेतलीय.