रेडिओंतील आगंतुक स्वर

ज्यांच्या घरीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना एक अनुभव आठवत असेल. रात्रीं मध्यम लहरींवर खुंटी फिरवितां फिरवितां ९१० किलोसायकलच्या आसपासचें एखादें केंद्र लागलें, कीं कित्येकदां गायनाच्या मागें एक बारीक शीळ ऐकूं येई. खुंटी केसभर हलविली तरी तिचा सूर चढे किंवा उतरे. कोणी त्या केंद्राला दोष देई, कोणी हवेला. वास्तविक दोष त्या पेटींतच असे. अशा बहुतेक यंत्रांत बाहेरून आलेली लहर प्रथम ४५५ किलोसायकल या ठरीव कंपनसंख्येंत बदलली जाई. आणि ४५५ ची दुप्पट ९१०! ही दुप्पट कंपनसंख्या यंत्र स्वतःच निर्माण करी आणि तीच पुन्हां त्याच्या एरियलच्या बाजूनें आंत शिरे. न बोलावितां आलेल्या अशा स्वरांना हुसकून लावण्याच्या खटाटोपाला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

बिनतारी संदेशाच्या पहिल्या काळांत लहर उत्पन्न होई ती ठिणगीपासून. ठिणगीची लहर म्हणजे पितळी परातीवर हाणलेला टोला. एक सूर कसला, सूरांचा कल्लोळच. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ‘टायटॅनिक’चा तारायंत्री केप रेस या किनाऱ्यावरील ठाण्याशीं बोलत असतां जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्निअन’ बोटीनें आपण बर्फांत अडकल्याची वर्दी दिली. ती इतक्या जोरानें त्याच्या कानांत आदळली कीं त्यानें त्रासून तिला गप्प राहण्यास सांगितलें. ‘कॅलिफोर्निअन’च्या तारायंत्र्यानें थोड्या वेळानें यंत्र बंद केलें व तो निजावयास गेला. पुढील अनर्थाचें सारें खापर ठिणगीवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. दोन बोटी जवळ होत्या हें एक कारण होतेंच. परंतु एकाचें बोलणें दुसऱ्याच्या कानांत घुसणें ही केवळ गैरसोय नव्हे, हें त्या वर्षीं जगाला कळलें. त्याच वर्षीं अमेरिकेनें जो रेडिओचा कायदा केला, त्यांत लहर ‘शुद्ध’ असावी असें स्पष्ट कलम घातलें. शुद्ध म्हणजे किती? तर मुख्य लहरीखेरीज दुसऱ्या कोणत्याही लहरींतील शक्ति मुख्य लहरीच्या शक्तीच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावी. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ठिणगी मागें पडली, पण एका नव्या युक्तीनें नवे आगंतुक आणले. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित् कमीजास्त लागल्या म्हणजे आंदोलनें ऐकूं येतात, तीं दोन कंपनसंख्यांच्या फरकाइतकीं असतात. रेजिनाल्ड फेसेंडेन यानें १९०१ सालीं हेंच तत्त्व बिनतारी लहरींना लावलें. पुढें १९१८ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, पॅरिसमध्यें असलेल्या एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन सेनाधिकाऱ्यानें त्यांतून सुपरहेटरोडाइन ग्राहक सिद्ध केला. (ल्युसिअं लेव्ही या फ्रेंच गृहस्थाचाही या शोधावर हक्क होता आणि त्यापायीं बरेंच कोर्टकज्जे झाले.) परंतु दोन लहरींचें मिश्रण करणारा विद्युन्मंडल केवळ फरक देऊन थांबत नाहीं. तो बेरीज देतो, एकीच्या दुपटींतून दुसरीची तिप्पट वजा करून देतो, आणि असली नाना प्रकारची त्रैराशिकें न सांगतां करीत बसतो. आरंभींची ती शीळ याच कुळांतली.

इकडे लहर स्थिर ठेवण्याची सोय वॉल्टर केडी यानें १९२१ च्या सुमारास गारेच्या स्फटिकानें करून दिली. स्फटिक सच्चा खरा, पण एकमार्गी. एका स्फटिकाला एकच सूर येतो. दुसऱ्या महायुद्धांत नाना कंपनसंख्यांवर बोलण्यासाठीं स्फटिकांचे ढीग बाळगावे लागत. तेव्हां एकाच उत्तम स्फटिकापासून गुणून, भागून व मिसळून हवी ती कंपनसंख्या कां काढूं नये? १९४३ सालीं इंग्लंडांत फिंडेन यानें अशा यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याला ‘सिंथेसायझर’, म्हणजे संयोजक, असें नांव दिलें. मात्र जितकीं मिश्रणें तितके आगंतुक, म्हणून प्रत्येक पायरीवर गाळणी आणि प्रत्येक कप्प्याला धातूचें कवच हवें. १९६४ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें जो संयोजक विक्रीस काढला, तो ५ कोटी सायकलपर्यंत सायकलच्या शंभराव्या भागाच्या पायऱ्यांनीं चढे, आणि त्यांतील आगंतुक स्वरांची शक्ति मुख्य लहरीच्या एक अब्जांशाहून कमी असे. कायद्याचे दहा टक्के आतां आठवावे! असल्या यंत्राची किंमत आणि वजन मात्र सामान्य संसाराला परवडणारें नव्हतें.

स्वस्ताईचा मार्ग निराळ्याच ठिकाणीं वाट पाहत होता. १९३२ सालीं आंरी द बेलसीझ या फ्रेंच अभियंत्यानें एका लहरीची पावलें दुसरीच्या पावलांशीं जुळवून ठेवणाऱ्या मंडलाचें विवेचन केलें होतें. यांत मूळ आंदोलकाची गति भागून स्फटिकाशीं ताडून पाहतात आणि चूक दिसली कीं त्याला ओढून धरतात. मिश्रणांची खिचडीच नाहीं. पण भागाकार पूर्णांकानेंच व्हावयाचा, म्हणून पायऱ्या मोठ्या पडतात. त्यावर तोड निघाली ती मोठी गमतीची. नऊ वेळां दहानें भागावें आणि दहाव्या वेळीं अकरानें. म्हणजे सरासरी भाजक १०.१ झाला. हिशेब बरोबर, पण दर दहाव्या खेपेस येणारा हा हिसका लयींत येतो. आणि जें लयींत येतें त्याचा स्वर होतो! स्फटिकाच्या लहरीच्या दशांश अंतरावर, मुख्य लहरीच्या दोहों बाजूंस, एक आगंतुक ठाण मांडून बसे.

पहिला उपाय म्हणजे येणारी चूक आधींच मोजून तितकाच उलटा विद्युत्प्रवाह सोडणें. तो प्रयोगशाळेंत उत्तम चाले, पण यंत्र तापलें कीं दोन्ही पारडीं बिघडत. दुसरा उपाय म्हणजे अकराची पाळी अनियमित करणें. त्यानें स्वर जाई, पण त्याच्या जागीं खरखर येई, आणि तीही नेमकी मुख्य लहरीच्या शेजारीं. खरी किल्ली टोकियोंत सांपडली होती. इनोसे व यासुदा यांनीं १९६२ सालीं भलत्याच कामासाठीं अशी रीत दाखविली होती कीं, प्रत्येक चुकीची बेरीज जवळ ठेवून पुढचा निर्णय तिच्याकडे पाहून करावयाचा. असें केल्यानें चूक नाहींशी होत नाहीं. ती फक्त दूरच्या, उंच कंपनसंख्यांकडे लोटली जाते, आणि तेथें साधी गाळणी तिचा समाचार घेते. हीच रीत भाजकाची पाळी ठरविण्यास लावण्याचें काम इंग्लंडांत १९८० नंतर वेल्स यानें, आणि कॅनडांत रायली, कोपलंड व क्वाश्न्येव्स्की यांनीं १९९३ च्या आपल्या निबंधांत केलें. मला स्वतःला या साऱ्या इतिहासांत ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते. आजच्या खिशांतल्या टेलिफोनांत हेंच तत्त्व नखाएवढ्या चकतीवर चालतें. तरीही अपूर्णांक अगदीं लहान असला, कीं तुलना करणाऱ्या मंडलाच्या बारीकशा वांकडेपणामुळें आगंतुक पुन्हां डोकें वर काढतात. त्यांना आवरण्यांत कारागिराची तारांची मांडणी आजही गणितापेक्षां कमी महत्त्वाची नसते.

याची कसोटी पाहावयास पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या. आकाशांतील हायड्रोजन वायूची १४२० मेगासायकलजवळची रेषा १९५१ सालीं अमेरिकेंत प्रथम पकडली गेली. तसल्या रेषा आजही या थाळ्यांतून शोधल्या जातात. त्या येतात इतक्या क्षीण, कीं अब्जांशाचा आगंतुकही त्यांच्यापुढें राक्षस ठरावा. आणि यंत्राच्या पोटांतील स्वर हुबेहूब रेषेसारखाच दिसतो. तो सर्व थाळ्यांत एका स्फटिकापासून शिरला, तर सर्व थाळ्या एकमुखानें खोटी साक्ष देऊं शकतात. म्हणून संशयित रेषा दिसली म्हणजे निरीक्षक स्थानिक आंदोलकाची कंपनसंख्या मुद्दाम थोडी बदलून पाहतो. बदल जितका केला तितकीच रेषा सरकली, तर ती बाहेरून आलेली. ती जागची हलली नाहीं, किंवा दुप्पट-तिप्पट सरकली, तर ती पेटींतली. जुन्या रेडिओची खुंटी केसभर हलवून शीळ कोठली हें असेंच ओळखतां आलें असतें.