हेपारिनची साखळी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने औषधांच्या इतिहासावर का बोलावं? कारण २००८ सालच्या हेपारिन प्रकरणाच्या मुळाशी प्रमाणांचाच प्रश्न आहे. आपल्याला अमुक माहीत आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात त्याचा माग लागला. ग्रीक भाषेतल्या 'यकृत' या शब्दावरूनच त्याला नाव मिळालं. पुढे ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढू लागले, आणि जगात सर्वांत जास्त डुकरं चीनमध्ये.

आता साखळी बघा. अमेरिकेतलं सुमारे निम्मं हेपारिन बॅक्स्टर ही कंपनी पुरवायची. मूळ द्रव्य ती घ्यायची विस्कॉन्सिनमधल्या सायंटिफिक प्रोटीन लॅबोरेटरीजकडून. त्या कंपनीचा चीनमध्ये चांगझौला भागीदारीतला कारखाना. त्या कारखान्याला माल देणारे व्यापारी, आणि व्यापाऱ्यांच्याही मागे आतडी धुऊन अर्क काढणारी छोटी छोटी ठिकाणं, कित्येक तर घरगुती. कुपीवर नाव असलेल्या कंपनीचं तिथलं अस्तित्व केवढं? अधूनमधून येणारा एखादा तपासनीस आणि कागदांची फाइल. सप्टेंबर २००७ मध्ये बॅक्स्टरने कारखान्याची पाहणी केली होती. गंभीर काही आढळलं नाही. अमेरिकेच्या एफडीएची गोष्ट तर याहून वाईट. परवानगी देण्याआधी तिने हा कारखाना पाहिलाच नव्हता. नोंदींत सारख्या नावाच्या दुसऱ्याच कारखान्याशी घोटाळा झाला होता! न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्ष नव्हतंच, सगळा कारभार शब्दप्रमाणावर. आणि शब्द आप्ताचा असावा लागतो, ही अट कोणी तपासली नाही.

२००६-०७ मध्ये चीनमध्ये डुकरांवर रोगाची साथ आली, कच्चा माल महागला. त्याच सुमारास कोणीतरी त्यात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलं. मूळ कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेतून निघतं, कितीतरी स्वस्त. पण प्रयोगशाळेला कळलं कसं नाही? इथे जरा थांबतो. नेहमीची चाचणी विचारायची, रक्त गोठणं लांबतं का? ही भेसळही ते थोडंफार लांबवायची. धुक्याला धूर समजून अग्नीचं अनुमान करावं, तसा हा शुद्ध हेत्वाभास.

जानेवारी २००८ मध्ये सेंट लुईसच्या रुग्णालयात डायलिसिसवरच्या मुलांना अचानक त्रास झाल्याचं कळवलं गेलं आणि मग धागा उलगडत गेला. इतरत्र रुग्णांचे रक्तदाब एकाएकी कोसळत होते. एफडीएने ८१ मृत्यूंचा या औषधाशी संबंध असू शकतो असं म्हटलं. 'असू शकतो' एवढंच, कारण आधीच आजारी माणसाच्या मृत्यूचं कारण नेमकं ठरवणं अवघड. एमआरआयमागचं जे तत्त्व, त्याच चुंबकीय अनुनादाच्या चाचणीने अखेर भेसळ ओळखली. ती साखळीत नेमकी कोणी घातली, हे अमेरिकी तपासात सिद्ध झालं नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये एफडीएने बीजिंगला आपलं कार्यालय उघडलं. कच्चं हेपारिन आजही बरंचसं चीनमधल्या डुकरांपासूनच येतं.